वरातीमागून कॅमेरा

मुसोलिनी रोमला चालत गेला नाही.

'रोमवरचा मोर्चा' म्हणून जी घटना इतिहासाच्या पुस्तकांत येते, तिच्या मुख्य दिवशी, 28 ऑक्टोबर 1922 रोजी, हा गृहस्थ मिलानमध्ये होता. रोमपासून रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. आपल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून तो फोन घेत होता, निरोप धाडत होता. बेत फसलाच तर स्वित्झर्लंडची सरहद्द तिथून फार लांब नव्हती. राजाचं बोलावणं आलं दुसऱ्या दिवशी. फोनवरचा शब्द पुरेसा नाही, तार पाठवा, असं म्हणून त्याने ते लेखी मिळवलं आणि मगच तो रात्रीच्या गाडीत बसला. शयनयानाच्या डब्यातून तो 30 तारखेला सकाळी रोमला उतरला, राजाला भेटला आणि वयाच्या 39 व्या वर्षी इटलीचा पंतप्रधान झाला. काळे सदरे घातलेल्या त्याच्या तुकड्या रोमच्या रस्त्यांवरून रीतसर संचलन करत राजवाड्यासमोरून गेल्या, त्या 31 तारखेला. ते झाल्यावर सरकारनेच गाड्यांची सोय करून त्यांना आपापल्या गावी परत धाडलं.

आता मुसोलिनीवरचा कुठलाही माहितीपट लावून बघा. युद्धानंतरची बेकारी, संप, लाल झेंडे. मग ढोलांचा ठेका धरलेलं संगीत, थरथरणाऱ्या कृष्णधवल चित्रफितीत रस्ता भरून चाललेले काळे सदरे आणि निवेदकाचा खर्जातला आवाज : फॅसिस्ट रोमवर चालून गेले. पुढच्या दृश्यात सज्जा, सज्जात तो, हनुवटी पुढे काढलेला. मोर्चा निघाला, म्हणून सत्ता मिळाली. प्रेक्षकाच्या डोक्यात कार्यकारणभाव पक्का बसतो.

आपल्याकडे वरात लग्नानंतर निघते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे मात्र वरात दाखवून, तिच्यामुळेच लग्न लागलं असं आपल्याला सांगितलं जातं. लग्न कुणी जमवलं, बैठक कुणाच्या घरी झाली, देणंघेणं काय ठरलं, कोण रुसलं आणि कोणी मूग गिळले, यातलं काहीच त्या फितीत नसतं. बोलणी चालू असताना कॅमेरावाल्याला बोलावत नाहीत. तो येतो बँडबरोबर.

जुन्या चित्रफिती जोडून हुकूमशहाच्या उदयाची गोष्ट सांगणाऱ्या माहितीपटांशी माझं भांडण आहे ते इथे. हे माहितीपट खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. त्यातल्या तारखा बहुधा बरोबर असतात, निवेदन निषेधाचं असतं, हेतू चांगला असतो. पण हुकूमशाही कशी ओळखायची याची जी खूण ते शिकवतात, ती चुकीची आहे. ते आपल्याला आवाजावरून ओळखायला शिकवतात. ती येते तेव्हा मात्र फारसा आवाज नसतो.

आधी त्या फितीचंच बघू. मोर्चाची जी चलच्चित्रं वारंवार दिसतात, त्यातली बरीचशी 'आ नोय!' या मूकपटातून आलेली आहेत. उंबेर्तो पारादिसी याने फॅसिस्ट पक्षासाठी केलेला हा प्रचारपट. 24 ऑक्टोबरला नेपल्समध्ये फॅसिस्टांचा मोठा मेळावा झाला, तिथपासून रोममधल्या संचलनापर्यंतची दृश्यं त्यात आहेत. मार्क कझिन्स या दिग्दर्शकाने 2022 साली, घटनेच्या शताब्दीला, 'मार्च ऑन रोम' नावाचा माहितीपट केला आणि त्यात या मूकपटाची अक्षरशः शिवण उसवली. कुठलं दृश्य कुठलं आहे, गर्दी कुठे फुगवली आहे, दोन वेगळ्या जागा एकाच ठिकाणच्या असल्यासारख्या कशा जोडल्या आहेत, हे तो चित्र थांबवून दाखवतो. गर्दी फुगवण्याचं तंत्र सोपं आहे. कॅमेरा जवळ न्यायचा आणि गर्दीच्या कडा चौकटीत येऊ द्यायच्या नाहीत. आपल्याकडच्या कुठल्याही सभेचा छायाचित्रकार हे जाणतो. रिकाम्या खुर्च्या कुठून सुरू होतात, हे त्याच्याइतकं नेमकं आयोजकांनाही ठाऊक नसतं.

'आ नोय!' बघताना जे कळत नाही ते असं. 28 तारखेला धो धो पाऊस होता. रोमच्या आसपास, मोंतेरोतोंदो, तिवोली, सांता मारिनेल्ला या ठिकाणी ही पोरं अडकून पडली होती. लष्कराने जागोजागी रूळ तोडले होते, गाड्या पुढे जात नव्हत्या. जेवणाची सोय नव्हती, अनेकांकडे धड शस्त्रंही नव्हती. रोममध्ये जनरल पुल्येझे यांच्या हाताखाली सुमारे 28 हजार शिस्तबद्ध सैनिक होते. लढाई झाली असती तर ती किती वेळ टिकली असती, याबद्दल इतिहासकारांमध्ये फारसं दुमत नाही. लढाई झालीच नाही. का झाली नाही, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठल्याही चित्रफितीत नाही.

हे फक्त इटलीपुरतं नाही. 30 जानेवारी 1933 च्या रात्री बर्लिनमध्ये नाझींनी मशालींची मिरवणूक काढली. ब्रांडेनबुर्ग दरवाजातून वाहत येणारा तो उजेडाचा लोंढा आपण शंभरदा पाहिलेला असतो. त्या रात्री हिटलरची नेमणूक होऊन काही तास लोटले होते, म्हणजे हीसुद्धा वरातच. शिवाय खऱ्या मिरवणुकीचं चित्रण मनासारखं हाती लागलं नव्हतं, म्हणून त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एका चित्रपटासाठी ती पुन्हा काढण्यात आली, आणि पुढे हीच नकली वरात खरी म्हणून छापली व दाखवली गेली. रशियातही तेच. 1917 चा हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला म्हणून जे दाखवलं जातं, ते पुष्कळदा आयझेनस्टाइनच्या 1928 च्या 'ऑक्टोबर' या कथापटातलं असतं. मूळ घटनेपेक्षा तिच्या चित्रणात माणसं जास्त होती, असं गमतीने म्हटलं जातं.

तर लग्नाची बोलणी. ती जवळजवळ तीन वर्षं चालली होती.

1919 च्या नोव्हेंबरात इटलीत निवडणूक झाली. मुसोलिनी मिलानमधून उभा होता. त्याच्या यादीत कवी मारिनेत्ती होते आणि, आज वाचून नवल वाटेल, संगीतकार आर्तुरो तोस्कानिनीही होते. यादीला पाच हजारही मतं पडली नाहीत. समाजवाद्यांनी त्याची खोटी तिरडी काढून मिरवली. माणूस संपला, असं शहाण्यासुरत्या लोकांनी म्हटलं. तीन वर्षांत तो पंतप्रधान झाला. तो लोकांच्या लाटेवर स्वार होऊन आला, असं आपण सहज म्हणतो. पण लाट मोजायची तर मतांत मोजायला हवी, आणि मतांत ती दिसत नाही.

मग काय बदललं? पो नदीच्या खोऱ्यात, बोलोन्या, फेर्रारा या भागात, शेतमजुरांच्या संघटना युद्धानंतर बळकट झाल्या होत्या. किती मजूर लावायचे, किती रोज द्यायचा, हे त्या ठरवू लागल्या. जमीनदार हादरले होते. 1920 च्या सप्टेंबरात कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा कारखानदारही हादरले. काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या या भीतीवर पोसल्या गेल्या. त्यांना फिरायला ट्रक मिळाले, पेट्रोल मिळालं, पैसा मिळाला. कुठेकुठे लष्करी अधिकाऱ्यांनी बंदुकाही दिल्या. रात्री ट्रक गावात यायचा. कामगार भवन पेटवायचं, सहकारी दुकान फोडायचं, संघटनेच्या कार्यकर्त्याला घरातून ओढून काठीने बडवायचं. आणि एरंडेल पाजायचं.

एरंडेल म्हटल्यावर आपल्या तोंडावर हसू येतं. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेला चमचा आठवतो. फॅसिस्टांनीही हे हसू हिशेबात धरलं होतं. चमचा नव्हे, बाटली. कधी त्याहून जास्त. धडधाकट बाप्या माणसाला गावाच्या चौकात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, बायकामुलांसमोर त्याच्याच घाणीत लोळवायचं. काहींचा त्यात जीव गेला. पण मारलेल्या माणसाचा हुतात्मा होतो, एरंडेल पाजलेल्याचा होत नाही. त्याच्यावर गाणं रचलं जात नाही. तो दुसऱ्या दिवशी संघटनेच्या बैठकीला येत नाही, एवढंच. पोलीस बघत उभे असत, किंवा पोचायला त्यांना उशीर होई. अटक झालीच तर ती मार खाल्लेल्याला होण्याचा संभव जास्त.

याची चित्रफीत? जवळजवळ नाहीच. या टोळ्यांचे ट्रकवर चढून काढलेले फोटो आहेत, हातात सोटे, चेहऱ्यावर सहलीला निघाल्याचा आनंद. पण एरंडेल पाजताना कॅमेरा चालू नव्हता. त्यामुळे दोन तासांच्या माहितीपटात, जिथून सगळं उगवलं त्या दोन वर्षांना काही मिनिटं मिळतात, आणि सज्जातल्या भाषणांना तासभर.

बोलण्यांचा पुढचा टप्पा तर याहून सभ्य. 1921 च्या मे महिन्यात पंतप्रधान होते जोव्हान्नी जोलित्ती, 78 वर्षांचे, इटलीच्या राजकारणातले सगळ्यात मुरलेले. त्यांनी आपल्या राष्ट्रीय आघाडीच्या यादीत फॅसिस्टांना जागा दिली. हिशेब असा की, ही पोरं सभागृहात आली, गादीवर बसली, की माणसाळतील. 35 फॅसिस्ट निवडून आले. दीड वर्षापूर्वी ज्याची तिरडी निघाली होती, तो आता मान्यवर झाला. जोलित्ती दुष्ट नव्हते, मूर्ख तर नव्हतेच. त्यांनी याआधी अशी पुष्कळ वाघरं पाळीव केली होती, आणि त्यांचा अनुभव त्यांच्या बाजूने होता. अनुभवी माणसाची चूक कॅमेऱ्यात पकडायची कशी? यादीवर नावं लिहिणारा म्हातारा दाखवून कुणाच्या अंगावर काटा येणार?

आणि मग 28 ऑक्टोबरची पहाट. पंतप्रधान लुइजी फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने अखेर लष्करी कायदा पुकारण्याचं ठरवलं. हुकूम तयार झाला, जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना तारा गेल्या. राजाची सही तेवढी बाकी होती. सकाळी फाक्ता कागद घेऊन राजवाड्यात गेले आणि व्हित्तोरिओ एमान्युएले तिसरा याने सही करायला नकार दिला. का दिला, यावर पुस्तकांची कपाटं भरली आहेत. सैन्य आपल्या बाजूने राहील की नाही याची धास्ती, चुलतभाऊ गादीवर डोळा ठेवून आहे ही शंका, यादवीची भीती, उदारमतवादी पुढाऱ्यांचा कंटाळा. कदाचित सगळंच थोडंथोडं. काही असो, इटलीतल्या लोकशाहीचं कंबरडं मोडलं ते त्या क्षणी, एका बंद खोलीत, एका बुटक्या राजाने न उचललेल्या टाकामुळे.

केलेली सही दाखवता येते. कागद जवळून दाखवायचा, शाईचा फराटा दाखवायचा. न केलेली सही कशी दाखवणार? या प्रकारच्या माहितीपटांची खरी अडचण मला इथे दिसते. हुकूमशहाच्या उदयातल्या निर्णायक गोष्टी बहुतेक नकारार्थी असतात : कोणी सही केली नाही, कोणी फिर्याद नोंदवली नाही, कोणी राजीनामा दिला नाही, कोणी उठून उभं राहिलं नाही. चित्रपट ही होणाऱ्या गोष्टींची कला आहे. न झालेल्या गोष्टींसाठी तिच्याकडे व्याकरणच नाही.

नंतरचं तर सगळं कायद्याने झालं. 535 जणांच्या सभागृहात फॅसिस्ट तीसेक. तरी 1922 च्या नोव्हेंबरात विश्वासमताला 306 विरुद्ध 116 असा कौल मिळाला. जोलित्तींनी बाजूने मत दिलं, पुढे युद्धोत्तर लोकशाही इटलीचे पंतप्रधान झालेले दे गास्पेरी यांनीही दिलं. वर्षभरात आचेर्बो कायदा आला : ज्या यादीला सगळ्यात जास्त, आणि किमान 25 टक्के मतं मिळतील, तिला दोन तृतीयांश जागा. तोही त्याच सभागृहाने मंजूर केला. 1924 च्या 30 मे रोजी समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांनी निवडणुकीतल्या गुंडगिरीचा पाढा सभागृहात वाचला. 10 जूनला रोममध्ये तिबर नदीच्या काठच्या रस्त्यावरून त्यांना मोटारीत कोंबून पळवलं. प्रेत सापडलं 16 ऑगस्टला. मधल्या काळात सरकार डळमळलं होतं. त्याच जूनमध्ये सिनेटमध्ये सरकारच्या बाजूने मत देणाऱ्यांत तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे होते. हेच क्रोचे वर्षभरात फॅसिझमविरोधी विचारवंतांचा जाहीरनामा लिहिणार होते. इतक्या मोठ्या डोक्याच्या माणसाला वर्ष लागलं. 3 जानेवारी 1925 ला मुसोलिनीने सभागृहात उभं राहून जे घडलं त्याची जबाबदारी आपल्यावर घेतली आणि कोण काय करतं बघू, असा पवित्रा घेतला. कोणी काही केलं नाही. हुकूमशाहीची तारीख सांगायचीच तर बरेच इतिहासकार ही सांगतात. त्या भाषणाचा आवाज आपल्याकडे नाही. इटलीत वृत्तपट बोलू लागायला अजून पाचसहा वर्षं होती.

मग माहितीपटातला तो धो धो बोलणारा मुसोलिनी कुठून येतो? लुचे या संस्थेतून. 'लुचे' म्हणजे इटालियनमध्ये प्रकाश. 1924 साली सुरू झालेली ही संस्था वर्षभरात सरकारी झाली. 1926 पासून प्रत्येक चित्रपटगृहाला तिच्या फिती दाखवणं सक्तीचं झालं आणि 1927 पासून तिचे नियमित वृत्तपट निघू लागले. उघड्या अंगाने मळणी करणारा, घोड्यावर बसलेला, नव्या गावांची कोनशिला बसवणारा, सज्जात हात कमरेवर ठेवून उभा असलेला मुसोलिनी इथला. म्हणजे त्याच्या उदयाच्या काळातली फीत मूठभर आणि सत्तेच्या काळातली गाडाभर. संकलकाला दोन तास भरायचे असतात. तो करतो काय, निवेदन 1922 चं ठेवतो आणि चित्र 1936 चं लावतो. एकदा खूण कळली की हे जागोजागी दिसतं : बोलणं चाललंय उदयाबद्दल, आणि समोरचा माणूस केव्हाच उगवून माथ्यावर आलेला, टक्कल पडलेला, चेहरा सुजलेला.

माझ्या पिढीने सिनेमा सुरू होण्यापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र पाहिलेलं आहे. धरण, फीत, कात्री, हार, टाळ्या. तेही सक्तीचंच. आम्ही त्या वेळात अंधारात खुर्ची शोधायचो, शेंगदाण्याची पुडी सोडायचो. सरकार आपलंच कौतुक करतंय, हे पाचवीतल्या मुलालाही कळत होतं. इटलीतल्या प्रेक्षकालाही त्याच्या काळी ते कळत असणार. गंमत अशी की त्याच फिती साठ-सत्तर वर्षांनी रेघारेघांच्या, थरथरत्या होऊन समोर आल्या की आपण सावरून बसतो. बातमी म्हणून ज्यावर विश्वास ठेवला नसता, त्यावर पुरावा म्हणून ठेवतो. निवेदक शिव्या घालतो, पण चित्र ज्याने काढून घेतलं त्याचीच चाकरी करत राहतं. कॅमेरा खालून वर बघतो आणि त्याच्याबरोबर आपणही.

हा आक्षेप नवा नाही. 1977 साली योआखिम फेस्ट यांचा 'हिटलर : एक कारकीर्द' हा अडीच तासांचा माहितीपट पश्चिम जर्मनीत गाजला. फेस्ट हे हिटलरचे गंभीर चरित्रकार, निवेदन काटेकोर. पण दिग्दर्शक व्हिम व्हेंडर्स यांनी एका साप्ताहिकात लेख लिहून त्यावर झोड उठवली. नाझींनी काढलेली चित्रं त्यांच्याच मोहासकट वापरली आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. याहून विचित्र प्रकरण लेनी रीफेनश्टाल यांचं. एर्विन लाइझर यांनी 1960 साली नाझी राजवटीवर केलेल्या माहितीपटात रीफेनश्टाल यांच्या 1935 च्या प्रचारपटातली दृश्यं होती. त्या मोबदला मागत कोर्टात गेल्या. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 1969 साली निकाल लागला की त्या चित्रपटाचा हक्क रीफेनश्टाल यांचा नाही, नाझी पक्षाचा होता. निकालाचा कायदेशीर अर्थ सोडून द्या. हुकूमशहाविरुद्धचा चित्रपट करायचा तर त्याचाच ऐवज उसना आणावा लागतो, हे एका न्यायालयाने शिक्का मारून सांगितलं, एवढं मला पुरे आहे.

इटलीत 1961-62 मध्ये चेचिलिया मान्जिनी, लिनो देल फ्रा आणि लिनो मिच्चिके यांनी 'ऑल आर्मी सियाम फाशिस्ती' हा माहितीपट केला. निवेदन कवी फ्रांको फोर्तिनी यांचं. युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती, प्रजासत्ताक आलं होतं, तरी लुचेची कपाटं त्यांना उघडून मिळाली नाहीत. फिती परदेशांतल्या संग्रहांतून गोळा कराव्या लागल्या, आणि चित्रपट पुरा झाल्यावर सेन्सॉरने अडवून ठेवला. त्यांचा गुन्हा असा की त्यांनी पैसा कुठून आला ते सांगितलं, आणि गोष्ट 1945 ला न थांबवता 1960 च्या जुलैपर्यंत आणली. आज तेच लुचे हजारो वृत्तपट इंटरनेटवर फुकट दाखवतं. कपाट बंद होतं तेव्हा निदान त्यात काहीतरी दडवण्यासारखं आहे, हे तरी कळत होतं.

उसना ऐवज उलटवता येतो, हेही खरं. 1927 साली एस्फिर शूब या रशियन बाईने झारच्या दरबाराच्या आणि घरगुती फिती जोडून 'रोमानोव्ह घराण्याचा अस्त' केला. जहाजाच्या डेकवर सरदार-दरकदार नाचून घाम पुसतात, आणि पुढच्याच दृश्यात घाम गाळणारे मजूर. फीत झारचीच, फक्त कात्री दुसऱ्याच्या हातात. पण ही कात्री क्रांतीच्या दशकपूर्तीसाठी चालत होती, आणि त्याच वर्षी स्टालिन आपल्या प्रतिस्पर्ध्यांना पक्षाबाहेर काढत होता. शूबबाईंच्या संकलनाच्या टेबलावर त्याची फीत येण्याचं कारण नव्हतं. पुन्हा तेच : जे चाललंय ते कॅमेऱ्यात नाही, जे संपलंय ते आहे.

मला सगळ्यात जवळचा वाटतो मिखाईल रॉम यांचा 1965 चा 'सामान्य फॅसिझम'. फिल्म सोसायटीच्या पडद्यावर पाहिला तेव्हा भाषा कळत नव्हती, तरी आवाज लक्षात राहिला. रॉम स्वतः बोलतात, दिवाणखान्यात गप्पा मारल्यासारखे. मधेच थांबतात, उपहास करतात, थकतात. सुरुवातीला लहान मुलांची चित्रं. मग हिटलरच्या खासगी छायाचित्रकाराकडचे फोटो, मेलेल्या सैनिकांच्या खिशांतून मिळालेले फोटो. त्या खिशातल्या फोटोंनी काम केलं. तिथे कॅमेरा पक्षाचा नव्हता, कुणा साध्या शिपायाचा होता. फासावर लटकणाऱ्यांशेजारी उभं राहून हसत काढून घेतलेला फोटो, घरी दाखवायला जपून ठेवलेला. हुकूमशहा त्यात दिसत नाही. ज्यांच्या जोरावर तो उभा आहे ती माणसं दिसतात, आणि ती आपल्यासारखीच दिसतात.

कोणी म्हणेल, चित्रपटवाल्याने करायचं काय? जे चित्रित झालं नाही ते तो आणणार कुठून? आणू नये. पण नाही, हे तरी सांगावं. पडदा काळा ठेवावा आणि म्हणावं : इथे राजाने सही नाकारली, याची फीत नाही. इथे गावात एरंडेल पाजलं, याची फीत नाही. आता पुढचं जे दिसेल ते दुसऱ्या दिवशीचं आहे. आंद्रेई उजिका यांनी 2010 मध्ये रुमानियाच्या चाउशेस्कूवर तीन तासांचा चित्रपट केला, सगळा सरकारी चित्रणातून, निवेदनाचा एक शब्दही न घालता. नावच दिलं 'आत्मचरित्र'. ही गोष्ट तो स्वतः सांगतोय, हे एकदा कबूल केलं की प्रेक्षक आपोआप भोकं शोधू लागतो.

मुसोलिनीचा तो सजवलेला देखावा प्रत्यक्ष बघून भारावलेला एक मराठी माणूस होता. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे लंडनच्या गोलमेज परिषदेनंतर इटलीला गेले आणि 19 मार्च 1931 रोजी पलाझ्झो व्हेनेझियात मुसोलिनीला भेटले. बालिल्ला संघटनेतल्या मुलांच्या कवायती, शारीरिक शिक्षणाच्या संस्था त्यांनी हिंडून पाहिल्या, प्रभावित होऊन रोजनिशीत नोंदी केल्या, आणि 1937 साली नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली. मुंजे डोळ्यांचे डॉक्टर होते, बुद्धिमान होते. त्यांना दिसलं ते पाहुण्याला दाखवतात ते. मात्तेओत्तींचा खून होऊन तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती. आणि तेरा वर्षांनी, 10 जुलै 1944 ला, त्याच तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कोकणातला बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटा तुटून पडला आणि ठाणं घेऊन तिथेच मारला गेला. मराठा लाइट इन्फंट्रीतला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राजाने सही केली असती तर तो तिथे गेला असता का, या प्रश्नाला इतिहासात उत्तर नसतं, म्हणून विचारत नाही.

मला एक दृश्य मात्र बघायचं आहे. 28 ऑक्टोबरला सकाळी, राजा अजून सही करायचा होता तेव्हाच, रोमच्या भिंतींवर लष्करी कायद्याची भित्तिपत्रकं लागली होती. नकार आल्यावर हुकूम मागे घेण्याची धावपळ झाली. कुणीतरी पावसात खळीची बादली घेऊन ती चिकटवली असणार, आणि कुणीतरी, कदाचित त्याच माणसाने, काही तासांत खरवडून काढली असणार. खळ अजून ओलीच असेल.

तिथे कॅमेरा नव्हता. तो दुसरीकडे, 31 तारखेच्या तयारीत असणार.